कापडी टपाच्या अस्तराला फवाऱ्याचा गोंद नको

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत गाडीच्या छताचे लोंबलेले अस्तर घरच्या घरी कसे दुरुस्त करावे, याविषयीचा लेख नुकताच वाचला. पक्क्या छताच्या गाड्यांपुरता तो लेख चांगला आहे. छताखालचा साच्यातला पुठ्ठा बाहेर काढावा, त्यावरचा कुजलेला फोम ब्रशने खरवडून टाकावा आणि फोमच्या पाठीचे नवे कापड त्यावर गोंदाने बसवावे, हा त्यात सांगितलेला क्रम कोणताही जाणता कारागीर मान्य करील. परंतु लेखाच्या शेवटी, हीच पद्धत उघडझाप होणाऱ्या कापडी टपाच्या गाड्यांनाही चालते, मात्र तिथे पुठ्ठा नसल्याने गोंद थेट टपाच्या आतल्या बाजूला फवारावा, अशा अर्थाचा जो सल्ला जाता जाता दिला आहे, तो चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे. गाड्यांच्या आतले शिवणकाम हा माझा व्यवसाय असल्याने असा गोंद फवारलेले टप माझ्याकडे दुरुस्तीला येत असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे अस्तरच नव्हे तर बाहेरचे आवरणही बदलावे लागते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडझाप होणाऱ्या टपाच्या गाडीच्या टपात सांध्यांनी जोडलेला एक धातूचा सांगाडा असतो, त्यावर या बाजूकडून त्या बाजूकडे गेलेल्या कमानी असतात, कमानींवर बाहेरचे जाड आवरण ताणलेले असते आणि खालून हा सगळा पसारा झाकणारे अस्तर असते. हे अस्तर वरच्या आवरणाला कुठेही चिकटलेले नसते. ते कमानींना टांगलेले असते. त्याच्या पाठीवर प्रत्येक कमानीच्या जागी एक आडवा नेफा शिवलेला असतो, परकराच्या नेफ्यातून नाडी जावी तशी त्यातून एक सळई किंवा प्लॅस्टिकची पट्टी जाते आणि ती कमानीच्या खाचेत किंवा क्लिपांत बसते. बाजूंच्या कडा वेल्क्रोने, क्लिपांनी किंवा कडेत ओवलेल्या तारेने धरलेल्या असतात. गोंद लागतो तो पुढच्या काचेवर येऊन टेकणाऱ्या आडपट्टीपाशी आणि पुष्कळदा मागच्या काचेच्या चौकटीभोवती, तोही बोटभर रुंदीचा. गाडीगणिक यात फरक पडतो, पण दोन कमानींमधले अस्तर मोकळे राहिले पाहिजे, ही गोष्ट सर्वत्र सारखी आहे.

ते मोकळे का असावे लागते, हे टप मिटताना, म्हणजे घडी होऊन मागे जाताना, शेजारी उभे राहून पाहिले की लगेच कळते. कमानी एकमेकींजवळ येतात, मधल्या कापडाची घडी पडते, आणि त्या घडीत बाहेरचे आवरण आणि आतले अस्तर यांची वळणे वेगवेगळ्या मापाची होतात. दोन्ही थर एकमेकांवर सरकू शकले तर कोणालाच ताण पडत नाही. ते एकमेकांना चिकटवले, तर प्रत्येक घडीला एक थर ओढला जातो, दुसरा चुरगळतो, आणि ठरावीक जागी पडणारी ती चुरगळ काही काळाने कायमची रेघ होते व तिथेच आवरणाला भेग जाते. शिवाय मिटताना मधला कापडाचा झोळ नेमका कोणीकडे जावा, याचीही तजवीज मूळ रचनेत केलेली असते. कित्येक गाड्यांत इलॅस्टिकच्या दोऱ्या किंवा पट्ट्या अस्तराला ठरलेल्या दिशेने ओढून घेतात, म्हणजे ते सांगाड्याच्या दांड्यांमध्ये सापडत नाही. गोंदाने कडक झालेले कापड या दोऱ्यांना दाद देत नाही. ते वाटेल तिथे दुमडते आणि दोन दांड्यांच्या कात्रीत सापडून फाटते.

आता गोंदाबद्दल. कापडी टपाचे चांगले आवरण दिसायला एक कापड असले तरी ते तीन थरांचे असते. बाहेर ॲक्रिलिकच्या धाग्यांचे विणकाम, मधे पाणी अडवणारा रबराचा पातळ थर आणि आत सुती किंवा पॉलिएस्टरचे कापड, हे तिन्ही कारखान्यातच एकजीव केलेले असतात. फवाऱ्याच्या गोंदातले द्रावक आतल्या कापडातून झिरपून मधल्या रबरापर्यंत पोहोचते, रबर फुगते, थरांची पकड सुटते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला टपावर फोड आल्यासारखे दिसतात. हे फोड दाबून बसत नाहीत. आवरण व्हिनाइलचे, म्हणजे ज्याला आपण सर्रास रेक्झिन म्हणतो त्या जातीचे असेल, तर उलटे घडते. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य हळूहळू गोंदात उतरते, गोंद चिकट आणि पातळ होतो, आणि नवे अस्तर डागांसकट खाली येते. यात उन्हाचीही भर पडते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा टप, विशेषतः काळा टप, इतका तापतो की साधा फवाऱ्याचा गोंद त्या उष्णतेला मऊ पडतोच. कडांना जो थोडा गोंद लावायचा, तोही म्हणूनच गाड्यांच्या आतल्या कामासाठी बनवलेला, उष्णता सोसणारा असावा; तो ब्रशने दोन्ही बाजूंना पातळ लावावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्यावा आणि मगच दाबावा. तो लावताना दारे उघडी असावीत आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी, हेही लेखात यायला हवे होते.

मुळात अस्तर लोंबते कशामुळे, हे आधी पाहायला हवे, कारण त्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि लेखकाने त्यांतले एकच धरले आहे. काही टपांच्या अस्तराला पाठीवर पॉलियुरेथेन फोमचा पातळ थर असतो. उष्णता, दमटपणा आणि हवेतला प्राणवायू यांनी हा फोम वर्षानुवर्षांत कुजतो, त्याची पिवळसर भुकटी होते आणि कापड त्यापासून सुटून खाली येते. बोटाने अस्तर हलकेच घासले आणि आत काहीतरी रवाळ सरकल्यासारखे वाटले किंवा शिवणीतून भुकटी गळू लागली, तर हे कारण समजावे. अशा भुकटीवर कोणताही गोंद धरत नाही, कारण तो भुकटीला चिकटतो आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते. तिथे अस्तर बदलणे हाच उपाय, आणि ते काढताना नाकातोंडावर मास्क हवा.

परंतु पुष्कळ गाड्यांत कापड अगदी धड असते आणि लोंबण्याचे कारण वेगळे असते. एखादी क्लिप तुटलेली असते, नेफ्याची शिवण उसवलेली असते, पट्टी खाचेतून निसटलेली असते, इलॅस्टिकची दोरी सैल पडलेली असते. दोन कमानींच्या मधे फुगा न येता, एखाद्या कमानीच्या रेषेतच अस्तर खाली उतरलेले दिसले, तर दोष बहुधा तिथल्या टांगणीत असतो. असे काम सुई, दोरा आणि एखादी नवी क्लिप यांवर होते. तिथे सगळे अस्तर उतरवायला सांगणारा कारागीर एकतर नवशिका असतो किंवा त्याला मोठे बिल करायचे असते, हे माझ्याच व्यवसायातल्या माणसांविषयी लिहिताना मला संकोच वाटत नाही.

सगळ्या गाड्यांना एकच कृती लागू करण्यात आणखी एक धोका आहे. फोक्सवॅगन बीटलची जी कॅब्रिओले, म्हणजे कापडी टपाची गाडी कारमान या कारखानदारांनी १९४९ ते १९८० या काळात बांधली, तिचा टप जाड भरावाचा होता, आणि त्यात अस्तर आधी बसते, त्यावर भराव येतो आणि शेवटी बाहेरचे आवरण. अशा गाडीचे अस्तर नीट बदलायचे तर वरचे आवरण उतरवावे लागते, म्हणून बाहेरचे आवरण बदलण्याची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही कामे एकदमच करणे शहाणपणाचे. याउलट १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ गाडीच्या व्हिनाइल टपाला आतून अस्तरच नव्हते. कमानी उघड्या दिसत, आणि हलक्या, स्वस्त व एका हाताने मागे टाकता येणाऱ्या टपासाठी ती रचना योग्यच होती. अशा गाडीला हौसेने अस्तर लावणारे लोक आहेत, परंतु मिटलेल्या टपाला मागे जितकी जागा ठेवलेली असते, तीत वाढीव कापडाची घडी मावते की नाही, हे आधी मोजून घ्यावे. वाईट अस्तरापेक्षा अस्तर नसलेला टप केव्हाही बरा, असे माझे मत आहे.

अस्तराला हात घालण्यापूर्वी टप गळतो का, हे पाहणे अगदी आवश्यक आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. पाणी बहुधा कापडातून येत नाही. ते शिवणीच्या भोकांतून, दोऱ्याच्या आधाराने, किंवा काचांवरच्या जुन्या कडक झालेल्या रबरांजवळून येते. मागच्या बाजूला टपाच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्या पाचोळ्याने तुंबल्या तर पाणी आत फिरते. जुन्या अस्तरावरचे तपकिरी कडांचे डाग हा या सगळ्याचा नकाशाच असतो, म्हणून ते काढण्यापूर्वी त्याचे फोटो घ्यावेत आणि प्रत्येक डागाच्या वर काय आहे, ते पाहावे. ओल्या टपाला नवे अस्तर लावले तर ओल आत कोंडते, कापडाला बुरशी धरते आणि कमानी गंजतात. आधीच गंजलेल्या कमानी अस्तर उतरवलेले असतानाच घासून रंगवून घ्याव्यात, कारण तशी संधी पुन्हा लवकर येत नाही. जुन्या गाड्यांत कापड चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकण्यासाठी लाकडी पट्ट्या असतात. त्या भुसभुशीत झाल्या असतील तर नवी चूक धरणार नाही.

कापडाच्या निवडीबद्दल लेखात पडद्याचे किंवा सोफ्याचे उरलेले कापडही चालेल, असे सुचवले आहे. पक्क्या छतालाही मी ते लावणार नाही. उघडझाप होणाऱ्या टपाला तर नाहीच. सुती कापड ओल धरते, आटते आणि घडीच्या खुणा सोडत नाही. जाड फोमच्या पाठीचे कापड मिटलेल्या टपात दाबले जाऊन फोमला कायमच्या रेघा पडतात. मखमलीसारखे लव असलेले कापड घडीच्या जागी चमकू लागते. हलके, विणीचे, पॉलिएस्टरचे, रंग न उडणारे आणि फक्त आडव्या बाजूला थोडे ताणले जाणारे कापड यासाठी सर्वांत चांगले. ते उभ्या बाजूलाही ताणले जाणारे असेल, तर काही काळाने दोन कमानींमधे त्याचा झोळ पडतोच. याहून महत्त्वाची गोष्ट आगीची. अमेरिकेतले मोटार सुरक्षा मानक क्रमांक ३०२ हे १९७२ पासून लागू आहे, आणि गाडीच्या आतल्या ज्या वस्तूंना ते लागू होते त्यांच्या यादीत छताच्या अस्तराबरोबर कन्व्हर्टिबल टपाचाही स्पष्ट उल्लेख आहे. आडव्या धरलेल्या नमुन्यावर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये, अशी त्याची मर्यादा आहे, आणि प्रवासी बसतात त्या पोकळीपासून १३ मिलिमीटरच्या आत येणाऱ्या साहित्याला ती लागू होते. पडद्याचे कापड या कसोटीला उतरेल याची कोणी हमी देत नाही. डोक्यापासून वीतभर अंतरावर काय टांगायचे, हे ठरवताना स्वस्ताईचा विचार थोडा मागे ठेवावा.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक लक्ष मापाकडे द्यावे लागते. जुने अस्तर हाच नव्याचा फर्मा, पण ते वर्षानुवर्षे ताणलेले असते, म्हणून त्यावरून आंधळेपणाने कापड कापले तर नवे अस्तर जन्मतःच सैल होते. जुने अस्तर काढण्यापूर्वी त्यावर आणि प्रत्येक कमानीवर खडूने मध्यरेषा आखावी, सळया आणि पट्ट्या पुढून मागे क्रमाने खुणा करून ठेवाव्यात, कारण त्यांची लांबी आणि बाक सारखे नसतात व अदलाबदल झाली तर अस्तर कोणत्याही उपायाने सपाट बसत नाही. मग शिवण उसवून तुकडे वेगळे करावेत, कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेने होता, ते पाहावे आणि नव्या कापडाला कडांना भरपूर माया ठेवावी. शिवणी कमानींच्या रेषेवर याव्यात, म्हणजे त्या दिसत नाहीत आणि ताणही तिथेच पेलला जातो. नेफ्यासाठी मात्र न ताणले जाणारे कापड घ्यावे आणि दोरा पॉलिएस्टरचा असावा. सुती दोरा ओलीने कुजतो.

बसवताना घाई करणाऱ्याला सुरकुत्या चुकत नाहीत. टप बंद पण पुढचे खटके सोडलेले, अशा सैल स्थितीत आधी सगळे नेफे मागून पुढे आपापल्या कमानींवर बसवावेत, मध्यरेषा जुळवाव्यात आणि मधून कडांकडे हलका ताण देत जावे. नेफ्याचे टोक बाजूच्या कडेपर्यंत गेले तर ते कापडाला आखडते आणि कोपऱ्यांत तिरक्या सुरकुत्या पडतात. अशा वेळी नेफा टोकाकडून थोडा थोडा कापत जावा, कारण एकदा जास्त कापला गेला की ती सुरकुत पुढे कायमची राहते. त्यानंतर खटके लावून टप पूर्ण ताणावा, पुढच्या आडपट्टीपाशी अस्तर जिथे येते तिथे खडूची खूण करावी, खटके सोडून टप थोडा वर उचलावा आणि त्या खुणेपर्यंतच ओढून कड चिकटवावी. टप सैल असतानाच कड चिकटवली तर बंद केल्यावर अस्तर तुटण्याइतके ताणले जाते, आणि मनाने अंदाज घेऊन ढील दिली तर ते डोक्यावर लोंबते. अखेरची कड पक्की करण्यापूर्वी टप निदान एकदा तरी हाताने, सावकाश, मिटवून पाहावा. विजेवर चालणाऱ्या टपातही पहिली घडी कोणीतरी आत बसून, कापड कुठे अडकते आहे यावर नजर ठेवूनच घालावी, कारण मोटरला कापड आणि दांडी यांतला फरक कळत नाही. उरलेल्या बारीक सुरकुत्या टप एक-दोन दिवस उन्हात बंद ठेवल्यावर किंवा दुरून दिलेल्या वाफेने बहुधा जातात. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर तिच्या आसपास गरम हवेचे यंत्र वापरू नये. खिडकी काचेची असेल, तर तिच्यावरचे दव घालवणाऱ्या तारा अस्तराच्या आडून जातात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी आणि नंतर त्या तारांना घडीपुरता ढिलेपणा उरला आहे ना, हे तपासावे.

नव्या अस्तराने गाडी शांत होते, असाही एक समज लेखातून पसरतो. अस्तराने कमानी झाकल्या जातात, उन्हाची झळ थोडी कमी लागते, टपाच्या आतल्या बाजूला धरणारे दव अंगावर टपकत नाही. वाऱ्याचा आवाज मात्र बहुतांशी काचांवरच्या आणि पुढच्या आडपट्टीच्या रबरांतून येतो, आणि तो कमी करायचा असेल तर अस्तराऐवजी त्या रबरांवर पैसा खर्च करावा. आवाज अडवण्यासाठी अस्तराच्या पाठीमागे जाड थर भरण्याचा मोह काहींना होतो; मूळ रचनेत भराव नसेल तर तो घालू नये, कारण मिटलेला टप मग आपल्या जागी बसत नाही, वरचे झाकण लागत नाही, आणि जोर करून लावले तर सांगाड्याचे सांधे वाकतात.

लेखकाचा हेतू वाचकांचे पैसे वाचवण्याचा होता, याविषयी मला शंका नाही, आणि पक्क्या छतासाठी त्यांनी दिलेली माहिती मी स्वतःही कोणाला सांगेन. माझी विनंती इतकीच की, पुरवणीच्या पुढच्या अंकात कापडी टपासंबंधीचा तो सल्ला मागे घेत असल्याचे चार ओळींत स्पष्ट छापावे, आणि ज्यांनी तो वाचून गोंद आधीच फवारला असेल त्यांना हेही सांगावे की, ते कापड ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. तसे केल्यास आवरणाचा आतला थर त्याबरोबर सोलून येतो. टप मिटणे ताबडतोब थांबवावे, तो बंदच ठेवावा आणि त्याच स्थितीत गाडी जाणत्या कारागिराला दाखवावी.

आपला विश्वासू,
गाड्यांच्या अंतर्भागाचे शिवणकाम करणारा एक वाचक